वेगळ्या खुंटीवरचा तवा

मराठी साहित्यात जेवणावळी पुष्कळ आहेत. लग्नाच्या पंगती आहेत, श्राद्धाची पाने आहेत, दुष्काळातली भूक आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो, आणि त्या कारभाराचा हिशेब व त्याच्या एकूण जगण्याचा हिशेब एकमेकांत कसे मिसळत जातात, हे आपल्यापैकी अनेकांनी वर्गात शिकवलेले आहे. न्याहारीच्या वाट्याला मात्र, निदान माझ्या वाचनात तरी, अशी पाने फारशी आलेली नाहीत. कारण उघड आहे. न्याहारीला पंगत नसते, श्लोक नसतो, आग्रह नसतो. ती बांधावर बसून, ओसरीवर उकिडवे बसून किंवा उभ्याउभ्याच उरकायची असते. जे समारंभाशिवाय खाल्ले जाते त्याचे वर्णन कोणी करत नाही, आणि कित्येकदा त्याला धड नावही मिळत नाही.

अशाच एका बिननावाच्या न्याहारीविषयी मला लिहायचे आहे. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी तव्यात खरपूस परतायच्या आणि त्यांच्यामध्ये अंडी फोडून वर झाकण घालायचे, इतकाच तो पदार्थ. आज आमच्याकडे त्याला सरळ 'आलू-अंडे' म्हणतात. (बऱ्हाणपूर जवळ असल्यामुळे आमच्या भागात बटाट्याला आलू म्हणणारी घरे पुष्कळ.) पण आमच्या घरात काही वर्षे हे नावही उच्चारले जात नव्हते. ते का, हे सांगण्याआधी पदार्थाविषयी थोडे बोलायला हवे, कारण पाककृतीतल्या बारकाव्यांतच या गोष्टीचा अर्थ दडलेला आहे, असे मला वाटते.

या पदार्थाला बटाटा ताजा उकडलेला चालत नाही, तो शिळाच लागतो. गरम बटाट्यात पाणी असते. तो तव्यात टाकला की वाफाळतो, चिकटतो आणि त्याचा लगदा होतो. रात्री सालीसकट उकडून ठेवलेला बटाटा सकाळपर्यंत आतून घट्ट होतो. उकडताना फुगलेली पिष्टद्रव्ये थंड होताना पुन्हा आवळून बसतात आणि वरचा पृष्ठभाग सुकतो. अशा बटाट्याची साल काढून बोटाच्या पेराएवढ्या फोडी कराव्यात. तवा बिडाचा आणि खोलगट असावा. त्यात शेंगदाण्याचे तेल चांगले तापू द्यावे, जिरे आणि ठेचलेली हिरवी मिरची टाकावी, आणि फोडी एका थरात पसरून हात आवरता घ्यावा. हा आवरता हातच सगळ्यांत अवघड. उलथणे सारखे फिरवत राहिले की फोडीची कड मोडते आणि ती जिथे रंग धरणार तो भागच निघून जातो. पदार्थ भाजताना तपकिरी होऊन त्याला खमंग वास का येतो, याचा उलगडा लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ पासून मांडायला सुरुवात केली. ती क्रिया नीट घडायची तर उष्णता हवी, कोरडेपणा हवा आणि वेळ हवा. एक बाजू तांबूस झाली की फोड आपणहून तव्यापासून सुटते. मग उलटावे, कांदा टाकावा, लसूण शेवटी टाकावी, नाहीतर ती करपून कडू होते. शेवटी उलथण्याने चार खळगे करून त्यांत चार अंडी फोडावीत, मीठ भुरभुरावे, आच मंद करावी आणि झाकण घालावे. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडे पुढे गेल्यावर धरू लागतो आणि पिवळा त्याहून जरा उशिरा. म्हणून वाफेवर तीन-चार मिनिटे ठेवले की पांढरा भाग शिजतो आणि पिवळा मऊ राहतो. तो पिवळा भाकरीच्या तुकड्याने फोडायचा आणि बटाट्यावर पसरू द्यायचा. सोबत ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी असली की दुपारी दोनपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

जगभर या पदार्थाची भावंडे आहेत. इंग्रजीत त्याला 'हॅश' म्हणतात, आणि तो शब्द 'बारीक चिरणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला आहे. स्वीडनमध्ये त्याचे नाव 'पिट्टिपाना', म्हणजे साधारणपणे 'तव्यातले बारीक तुकडे'. जर्मन लोक त्याच प्रकाराला शेतकऱ्याची न्याहारी म्हणतात. स्पेनमध्ये बटाटा आणि अंडे एकत्र करून जाड थर थापतात. आपल्या शेजारी पारशी मंडळींचे 'पापेटा पर ईडु' आहे, म्हणजे बटाट्यावर अंडे. या सगळ्या नावांत एक साम्य दिसते. त्यांतले एकही नाव मिरवणारे नाही. काय आहे ते सांगितले, फार तर कोण खातो ते सांगितले, आणि संपले. रात्रीचे उरलेले, घरात सहज असलेले, पोट भरेल असे काहीतरी सकाळी एका भांड्यात गरम करणे, हेच त्या सगळ्यांचे मूळ. आपल्याकडची फोडणीची पोळी किंवा शिळ्या भाकरीचा कुस्करा हे खरे म्हणजे मराठी हॅशच. 'ब्रंच' हा शब्द मात्र अगदी वेगळ्या घरातला. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये एका लेखात तो पुरस्कारला, आणि त्याच्या डोळ्यांसमोर होते ते रविवारी उशिरा उठणारे लोक. पहाटे केळीच्या बागेत पाणी धरून नऊ-दहा वाजता भाकरी सोडणाऱ्या माणसाची वेळही घड्याळात तीच येते. फरक इतकाच की त्याच्या न्याहारीआधी एक अख्खा दिवस होऊन गेलेला असतो.

आता या पदार्थातल्या दोन मुख्य घटकांकडे पाहू. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पठारांवरचा. पोर्तुगीज त्याला आपल्या किनाऱ्यावर घेऊन आले आणि जाताना आपला शब्दही ठेवून गेले. मराठीतला 'बटाटा' हा पोर्तुगीज 'बटाटा'च आहे, आणि पोर्तुगीजांनीही तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून, रताळ्याच्या नावावरून उचललेला. म्हणजे जातीने परका, नावाने परका, समुद्र ओलांडून आलेला. तरीही हा बटाटा एकादशीच्या ताटात जाऊन बसला. ते ताट एकदा नीट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथलाच, हिरवी मिरची अमेरिका खंडातली, राजगिऱ्याचे मूळही तिकडेच. आषाढी एकादशीला पंढरीच्या वाटेवरचा वारकरी जे खातो त्यातले बहुतेक ज्ञानदेवांनी आणि मुक्ताईने कधी पाहिलेलेही नव्हते.

याउलट कोंबडी ही भारत आणि आग्नेय आशियातल्या रानकोंबड्याची वंशज. ती इथलीच. तिचे अंडे मात्र कित्येक घरांत उंबऱ्याबाहेर राहिले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातल्या एकोणिसाव्या श्लोकात द्विजांना निषिद्ध अशा पदार्थांची एक यादी आहे. तिच्यात गावकोंबडा आहे, आणि त्याच्याच पंक्तीला लसूण, कांदा आणि अळंबीही आहेत. या यादीचे पुढे काय झाले ते कोणत्याही खानदेशी स्वयंपाकघरात दिसते. लसणीशिवाय ठेचा होत नाही, कांद्याशिवाय भरीत होत नाही. चातुर्मासापुरते नियम पाळले की वर्षभर दोघेही सुखाने नांदतात. अळंबीही आता शहरातल्या लग्नांत मानाने वाढली जाते. एकाच श्लोकातले तिघे आत आले आणि चौथा बाहेर राहिला. तेव्हा आपल्याकडे आत काय येते आणि बाहेर काय राहते हे परके-आपले यावरून ठरत नाही, आणि ग्रंथात काय लिहिले आहे यावरूनही ठरत नाही. ते कशावरून ठरते, हा प्रश्न मला माझ्या घरानेच घातला.

मी मुक्ताईनगरचा. माझ्या लहानपणी एसटीच्या पाट्यांवर गावाचे नाव एदलाबाद असे. तापी आणि पूर्णा यांचा संगम इथून जवळ, चांगदेवला. नामदेवादी संतांच्या परंपरेप्रमाणे शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, तापीकाठच्या मेहूण परिसरात वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली. तिच्या पालखीचा पंढरपूरचा प्रवास हा सर्वांत लांबच्या प्रवासांपैकी एक. ज्येष्ठातच ती निघते. माझे वडील, आबा, त्या पालखीबरोबर पायी जात. गळ्यात तुळशीची माळ होती, आणि घर अर्थातच माळकरी होते. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खानदेशातल्या सगळ्याच काय, बहुसंख्य घरांनाही अंड्याचे वावडे नव्हते आणि नाही. मी सांगतो आहे ती गोष्ट आमच्यासारख्या काही घरांची आहे. पण गावाच्या चालीरीतींचा सूर अनेकदा अशीच थोडी घरे लावत असतात, म्हणून ती सांगण्यासारखी आहे.

१९८५ च्या सुमारास माझा धाकटा भाऊ आजारी पडला. सतत बारीक ताप, खोकला, वजन वाढेना. भुसावळच्या डॉक्टरांनी 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' असे निदान केले. त्या काळी लहान मुलांच्या क्षयाच्या प्राथमिक अवस्थेला सगळे याच नावाने ओळखत. औषधे बरेच महिने चालणार होती आणि औषधांबरोबर आहार हवा होता: दूध, केळी आणि रोज एक अंडे. दूध घरचे होते. केळ्यांच्या गावात केळ्यांची काय वाण! प्रश्न अंड्याचा होता. आबा घरी नव्हते, पालखीबरोबर गेलेले होते. आजी म्हणाली, चालणार नाही. माय आजीसमोर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही तिने चढवला नाही. ती एवढेच म्हणाली, "पोरगं जगलं पाह्यजे. देवाचं मी पाहून घीन."

तडजोड अशी निघाली की अंडे परसात शिजेल, तीन दगडांच्या वेगळ्या चुलीवर, आणि घरातले एकही भांडे त्याला लागणार नाही. मग भांडे आणायचे कुठून? शेजारच्या खालाने आपला बिडाचा तवा दिला. तिचे यजमान भुसावळला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. रात्रभर मालगाडी चालवून आलेल्या ड्रायव्हर-गार्ड लोकांना दहा मिनिटांत पोटभर काय द्यायचे, हा त्यांचा रोजचा प्रश्न, आणि आदल्या रात्रीच्या उकडलेल्या बटाट्यांत अंडी हे त्यांचे रोजचे उत्तर. भावाला अंड्याच्या वासाने उलटी होई. नुसते उकडलेले अंडे तो थुंकून टाकी. तेव्हा खालाने मायला परसात बसून हा प्रकार शिकवला. तिचे एक वाक्य मला अजून जसेच्या तसे आठवते, कारण पुढे मायने तेच मला ऐकवले: "हिलाना मत भाभी, आलू को अपने आप छूटने दो." बटाट्याच्या खरपूस वासात अंड्याचा वास लपला, आणि भाऊ खाऊ लागला.

लपवण्याचे काम बटाट्याने आणखीही एका प्रकारे केले. गावात कोणी विचारले की पोराला काय देता, तर आजी सांगे, "आलू देतो." तिच्या लेखी ते खोटेही नव्हते. पुढे घरातल्या घरात अंड्यालाच 'पांढरा आलू' असे नाव पडले. "पांढरे आलू संपले" म्हटले की मी खालाकडे पळत जाई. भाषेच्या अभ्यासकांना अशा गोष्टी नव्या नाहीत. सापाला आपण लांबडे म्हणतो, दिवा विझला म्हणत नाही, शांत झाला म्हणतो. ज्याचे नाव घेता येत नाही त्याला उसने नाव द्यावे लागते. आणि उसने नाव नेहमी अशाच वस्तूचे घेतात जिच्या चारित्र्याविषयी कोणाला शंका नाही. एकादशीच्या ताटातला बटाटा अंड्याला जामीन राहिला होता.

आबा परतले ते आषाढी झाल्यावर, भर पावसात. परसात माय डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन ओल्या लाकडांशी झगडत होती आणि चूल धुमसत होती. आबांनी काय चालले आहे ते विचारले, मायने सांगितले. त्यांनी धोतराचा सोगा हाताला गुंडाळला, तवा उचलला आणि घरात आणून आतल्या चुलीवर ठेवला. आजी दारात उभी होती. आबा तिला म्हणाले, "मुक्ताईले खापर दिलं नाही गावानं. अन् आपण तिच्याच गावचे." एवढेच. त्यानंतर त्यांनी आंघोळ केली, आणि तव्यातले काही ते कधीही जेवले नाहीत.

ज्यांना कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती सांगतो. आळंदीत संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या चार भावंडांमध्ये धाकटी मुक्ताई. तिने मांडे करायचे ठरवले, आणि मांडे भाजायला खापर आणण्यासाठी ती कुंभारवाड्यात गेली. विसोबा चाटी या गृहस्थाने कुंभारांना ताकीद दिली की या पोरीला भांडे द्यायचे नाही. ती रिकाम्या हाताने परतली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. ते पाहून विसोबाचा अहंकार गळाला, त्याने त्या मुलांचे उच्छिष्ट खाल्ले, आणि हाच विसोबा पुढे विसोबा खेचर या नावाने नामदेवांचा गुरू झाला. खानदेशात आखाजीला आजही उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात, त्यामुळे आमच्या बायांना ही कथा नुसती ऐकीव वाटत नाही. तापलेल्या खापराचा झळा त्यांच्या ओळखीचा असतो.

या कथेचे विवरण आपण नेहमी योगसामर्थ्याच्या अंगाने करतो. पाठ तापली हा चमत्कार. आपण तिथेच थांबतो. पण कथा सुरू होते ती नाकारलेल्या भांड्यापासून आणि संपते ती खाल्लेल्या उष्ट्यापाशी. कणीक नाकारली गेली नव्हती, पुरण नाकारले गेले नव्हते. विसोबाला त्या मुलांच्या अन्नात काही दोष दिसत नव्हता. त्याला त्यांच्या हाती गावाचे भांडे जायला नको होते. शुद्धाशुद्धीचा सगळा कारभार पदार्थापेक्षा भांड्यावर चालतो, ही गोष्ट ज्याने कोणी ही कथा प्रथम सांगितली त्याला पक्की माहीत होती. आबांना ती माहीत होती असे मी म्हणणार नाही. ते सातवी शिकलेले होते आणि समीक्षेशी त्यांचा संबंध नव्हता. पण वारीत महिनाभर शेकडो गावांतल्या हातांनी वाढलेले खाऊन आलेल्या माणसाला पावसात भिजणारा तवा पाहून हीच कथा आठवली, ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी आठवली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण तो तवा नुसता अंड्याचा नव्हता. तो खालाच्या घरचा होता. आजीचा विरोध अंड्याला किती आणि त्या घराला किती, हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते. वेगळे भांडे ही आपल्या समाजाची जुनी लिपी आहे. एखाद्या पदार्थासाठी ठेवलेला वेगळा तवा आणि एखाद्या माणसासाठी ठेवलेली वेगळी कपबशी, ही दोन्ही त्याच लिपीत लिहिलेली असतात. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'मध्ये (१९८४) गावातल्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीचा प्रसंग आहे. तो शिकवताना विद्यार्थी हळहळतात. ती हळहळ खरीही असते. पण त्याच विद्यार्थ्यांच्या घरी परसात एखादा तवा टांगलेला असू शकतो, आणि त्या दोन गोष्टींमध्ये काही नाते आहे हे त्यांना सुचत नाही. मी दोन्हींना एकाच मापाने मोजत नाही. अंड्याचा अपमान होत नसतो, माणसाचा होतो. पण माणसाला दूर ठेवण्याची सवय हाताला लागते ती आधी भांडी वेगळी करण्यातून, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

आजी त्या दिवशी काहीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चूल आणि भोवतालची जमीन शेणाने सारवून घेतली. मग एक खिळा घेऊन आली आणि भिंतीच्या त्या कोपऱ्यात, जिथे दुसरे एकही भांडे नव्हते, तिथे स्वतःच्या हाताने ठोकला. तवा आत राहिला, पण त्याची खुंटी वेगळी राहिली. परंपरा बदलते ती कशी, असे कोणी मला विचारले तर मी त्या खिळ्याकडे बोट दाखवीन. ती एका रात्रीत उलटत नाही. ती एक वस्तू आत घेते, आणि लगेच आतल्या आत तिच्यासाठी एक नवे 'बाहेर' तयार करते.

दीड-दोन वर्षांनी भाऊ पूर्ण बरा झाला. आखाजीला मायने तवा घासूनपुसून परत करायचे ठरवले. घेतलेले भांडे रिकामे परत करू नये अशी आमच्याकडे रीत आहे. तव्यात केळीचे पान घातले गेले आणि त्यावर पुरणाच्या मांड्यांची चौपदरी घडी. मांडे आजीने भाजले होते, आणि ते कुठे जाणार हे तिला ठाऊक होते. संध्याकाळी तवा परत आला. त्यात सहा अंडी होती. खालानेही रिकामे भांडे परत केले नाही. आजीने ती अंडी पाहिली आणि म्हणाली, "पांढरे आलू आले." ती हसली का, ते मला आठवत नाही.

हा प्रश्न आमच्या परसापुरताच असता तर मी तो आठवणींच्या वहीत ठेवला असता. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्यासारखे फळ ठेवले. त्यावर विरोध झाला, समर्थनही झाले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकवर्गणीतून द्यावीत असे ठरले. केळी पिकवणाऱ्या तालुक्यातला माणूस म्हणून केळ्याविषयी मी वाईट बोलणार नाही. पण केळे हे अंड्याच्या जागी बसणारे अन्न नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. ज्या घरी दूध आहे, डाळ आहे, त्या मुलाला हा फरक जाणवणार नाही. ज्या घरी ती नाहीत, तिथे तो जाणवतो. आणि अंडे खाणारी मुले वेगळ्या ओळीत बसवावीत का, शिजवणाऱ्या बाईचे पातेले वेगळे असावे का, अशी चर्चा गावात निघाली की मला शाळेची पंगत दिसेनाशी होते आणि कुंभारवाड्यातून रिकाम्या हाताने परतणारी मुलगी दिसू लागते. ज्यांना खायचे नाही त्यांच्यावर सक्ती नको, हे आबांकडे पाहून मी शिकलो आहे. त्यांनी शेवटपर्यंत अंडे खाल्ले नाही. त्यांनी फक्त चूल दिली. स्वतः न खाणे आणि दुसऱ्याला चूल नाकारणे यांत केवढे अंतर आहे, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही.

मुक्ताईचे 'ताटीचे अभंग' आपण भक्तिसाहित्य म्हणून शिकवतो. जगावर रुसून दार लावून बसलेल्या मोठ्या भावाला धाकटी बहीण दार उघडायला सांगते, आणि बेचाळीस अभंगांत तिने त्याला दिलेली समज ही मराठीतल्या सर्वांत थोर समजुतींपैकी एक आहे. ज्या घराला भांडे मिळाले नाही त्या घरातल्या मुलीने जगाला दार लावून घ्या असे म्हटले असते तर ते समजण्यासारखे होते. ती उलट म्हणाली. हे तिचे उलट म्हणणे स्वयंपाकघरात नेऊन पाहिले तर काय होते, याचे उत्तर मला आमच्या भिंतीवरच्या एका खिळ्यात अर्धे मिळाले. अर्धेच, कारण दार उघडल्यावरही खुंटी वेगळी राहिली होती.

आता घरात मी स्वतः स्वयंपाक करतो. तवा माझ्याकडे आहे. चाळीस वर्षे तेल पिऊन तो इतका गुळगुळीत झाला आहे की बटाटा त्याला चिकटतच नाही. आजी गेली, आबा गेले, घराचे दोनदा नूतनीकरण झाले, आणि नव्या ओट्यावर सगळी भांडी एकाच मांडणीत बसतात. माझ्या मुलीला हा तवा कधी वेगळा होता हे सांगूनही नीट कळत नाही. तिच्या लेखी तो फक्त घरातला सर्वांत जड तवा आहे. तिने परवा त्यात भाकरी भाजली. नंतर त्यातच आलू-अंडे केले. मी काही बोललो नाही. एवढेच पाहिले की फोडी टाकल्यावर तिने उलथणे बाजूला ठेवले आणि बटाटा आपणहून सुटेपर्यंत वाट पाहिली.